चिवड्याच्या नावावर

“ह्या घरात माणसांच्या आधी फिनेल उठतं,” मनाली ओट्याशी पुटपुटली.

पाठमोरी होती, चहात आलं किसत होती. पण घाटकोपरच्या पुनर्वसनाच्या बिल्डिंगमधल्या एवढ्याशा घरात पुटपुटणं काय आणि माइक लावून बोलणं काय, सारखंच. सुगंधा तिच्यापासून हातभर अंतरावर, मोरीच्या कट्ट्याशी उकिडवी बसून पोतेरं पिळत होती. तिने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. सासूला एवढं यावंच लागतं. सुनेला तर लग्नाआधीपासून येत असतं.

“चिवड्याने केलं परत,” ती म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं.

“हो ना. चिवड्यानेच.” आणि किसणी जरा जोरात चालली.

चिवडा शिवणयंत्राखाली होता. पॅडलवर हनुवटी ठेवून, कान मागे चिकटवून. बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज आला की तो आपणहून तिथे जाऊन बसायचा. आता आपल्याला बोलणी बसणार, हे त्याला वासावरून कळायला लागलं होतं. आपण काय केलं हे मात्र कळत नव्हतं, आणि कळणार तरी कसं? त्याने काही केलेलंच नव्हतं.

सुगंधाने दिवाणावरची चादर गोळा करून मशीनमध्ये टाकली होती. गादी उलटी केली होती. दिवाणाच्या पायाशी लादी पुसून घेतली होती, आणि मग, रोजच्यासारखं, चिवड्याचं गोणपाट ओढून बरोबर त्या ओल्या जागेवर टाकलं होतं. हे शेवटचं काम करताना ती कधी चिवड्याकडे बघत नसे.

सुगंधाचे यजमान, लवू, आंघोळ करून बाहेर आले. केस विंचरलेले, इस्त्रीचा शर्ट, बटणं गळ्यापर्यंत. तरुणपणी गिरणीत होते, गिरणी गेल्यावर अंधेरीच्या एका कंपनीत वॉचमन लागले आणि सुपरवायझर होऊन रिटायर झाले. गेटवर उभं राहणाऱ्या माणसाच्या शर्टाला चुणी दिसली की त्याला घरी पाठवणारा माणूस. कुत्र्याला खाली न्यायचं तरी बुटांना पॉलिश पाहिजे.

त्यांनी गोणपाटाकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

“ह्येने परत केल्यान काय?”

“हो,” सुगंधा म्हणाली.

“ल्हान जनावर ता. मारू नको,” लवू म्हणाले आणि पट्टा घेऊन बूट चढवायला बसले.

चिवडा घरात आला तो श्रुतिकामुळे. सुगंधाची ही धाकटी, आता लग्न होऊन मुलुंडला. कॉलेजात असताना एका मैत्रिणीच्या घरून ओढणीत गुंडाळून घेऊन आली. मैत्रिणीची पॉमेरेनियन कुत्री, आणि तिच्या शेजाऱ्यांचा तो आखूड पायांचा लांबुडका डॅशहाउंड, यांचं जिन्यात जमलं त्याचं हे फळ. तोंड आणि शेपूट आईची, मधलं सगळं अंग बापाचं. एक कान उभा, एक पडलेला. रंगाचं म्हणाल तर थोडा खारा, थोडा गोडा, कुठे करपलेला. “हा कुत्रा नाय, चिवडा हाय,” थोरला मुलगा देवेश म्हणाला होता, आणि तेच नाव पडलं.

सुगंधाला पहिले काही दिवस त्याचा राग यायचा. केस तरी किती गळावेत! डाळीत केस, देवाच्या ताम्हनात केस. मग तिनेच एक फणी आणली आणि दुपारी मालिका बघता बघता त्याला विंचरायला लागली, आणि मग राग कुठे गेला ते तिलाही कळलं नाही. असली मिश्र जात कशी सांभाळायची हे कुणी तिला शिकवलं नव्हतं, चुकतमाकत शिकली. याला दिवाणावरून उडी मारू द्यायची नाही, लांब पाठ, मणका सरकतो. पडलेला कान आठवड्याला कोरडा पुसायचा, नाहीतर आत वास धरतो. कांदा-लसूण द्यायचा नाही. सुरमईचा तुकडा चालेल पण काटा काढून, आणि त्यात मसाला नको. विजा कडाडल्या की त्याला पायाशी बसू द्यायचं आणि बोलायचं नाही. बोललं की जास्त घाबरतो. आकाराने मांजराएवढा, पण स्वतःला वाघ समजायचा. लिफ्टचं दार उघडलं की आधी भुंकणार, मग बघणार कोण आहे ते.

आणि एक गोष्ट होती. पिल्लू असल्यापासून चिवड्याने घरात कधी घाण केली नव्हती. पोट बिघडलं तरी दाराशी जाऊन नखं घासायचा, लवू बूट घालेपर्यंत गोल गोल फिरायचा. “सुपरवायझरने ट्रेनिंग दिलेला कुत्रा आहे,” लवू बिल्डिंगमध्ये सांगायचे.

त्याच कुत्र्याच्या नावावर हे खपत होतं.

सुरुवात अगदी साधी झाली. एका सकाळी सुगंधाला जाग आली तर लवू दिवाणाच्या कडेला बसलेले. लुंगी मुठीत धरलेली. खाली लादीवर ओघळ गेलेला, आणि चिवडा तो हुंगत उभा. लवूंनी तिच्याकडे पाहिलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिने त्या माणसाची तशी नजर पाहिली नव्हती. गिरणी बंद झाली तेव्हाही नाही.

“कुत्र्यान केल्यान,” ते म्हणाले.

गादी कमरेच्या जागी भिजलेली होती. कुत्रा खाली झोपायचा. सुगंधाने एकदा गादीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि म्हणाली, “असूदे. म्हातारा झाला तो पण.”

झालं. एक शब्द सरकला की त्याच्या मागून सगळं घर सरकतं.

पुढच्या वेळी देवेशने विचारलं, तर चिवडा. त्याच्या पुढच्या वेळी कुणी विचारलंच नाही, सुगंधानेच सांगितलं. मग मनालीने मोबाइलवरून कुत्र्यांच्या शूच्या पॅड मागवल्या. आल्या त्या एवढ्या मोठ्या की त्यावर चिवड्यासारखे पाच झोपले असते.

“मोठ्याच घेतल्या,” मनाली म्हणाली. “तो दिवाणावर चढतो ना रात्रीचा. पप्पांच्या गादीवरच टाकत जा एक, चादरीखाली.”

तिने मान वर केली नाही. सुगंधानेही केली नाही. दोघींनी मिळून पॅड अंथरली, वरून चादर ओढली, कोपरे खोचले. एकमेकींशी इतक्या मायेने त्या दोघी कधी वागल्या नव्हत्या, आणि इतकं खोटंही.

डॉक्टरकडे जायला हवं होतं, लवूंनी. साखर असेल, प्रोस्टेट असेल, गोळीने बरं होणारंही असेल. पण डॉक्टरकडे न्यायचं तर आधी सांगायला पाहिजे कशासाठी. आणि ते सांगायचं तर चिवड्याला कामावरून काढायला पाहिजे. म्हणून कुणी नेलं नाही.

मग देवेशने एक दिवस फर्मान काढलं. “संध्याकाळनंतर त्याचं पाणी बंद. वाटी उचलून ठेवायची. पाणी नाही तर शू नाही, सिंपल.”

“उन्हाळा आहे रे,” सुगंधा म्हणाली.

“मग रोज पुसत बस.”

दिवे लागले की वाटी फ्रिजवर जायला लागली. चिवडा फ्रिजसमोर बसायचा, वर बघत. भुंकायचा नाही. त्याचं ते लिफ्टवर भुंकणंही कमी झालं होतं. वाघ कधीच गेला होता, मांजरही उरलं नव्हतं. आणि ज्या दिवशी वाटी वर गेली त्याच दिवसापासून लवू संध्याकाळचा चहा नको म्हणायला लागले. जेवताना तांब्या तसाच भरलेला राहायचा. सुगंधा तो उचलून माठात ओतायची. एका घरात दोन जीव तहानलेले, आणि लादी तरीही ओली.

मे महिन्याच्या शेवटी चिवड्याला लघवीचा त्रास सुरू झाला. खाली कंपाउंडमध्ये पाय वर करून नुसता उभा राहायचा, कुंथायचा, आणि दोन थेंब. ते थेंब लालसर. शेजारच्या वनमालाने गॅलरीतून पाहिलं आणि ओरडून सांगितलं, “सुगंधाताई, तुमचा चिवडा रक्त मुततोय!” सगळ्या बिल्डिंगने ऐकलं. लवू पट्टा धरून तिथेच उभे होते. मान खाली घालून.

देवेशने अर्धी सुट्टी टाकली. रिक्षात सुगंधाच्या मांडीवर चिवडा, टॉवेलमध्ये.

स्टेशनजवळच्या दवाखान्यात डॉक्टर संघमित्रा बसायच्या. श्रुतिकाच्याच वयाच्या, बारीक, चष्मा, हात मात्र ठाम. त्यांनी चिवड्याचं पोट दाबून पाहिलं, फोटो काढला, आणि पडद्यावर पांढरे खडे दाखवले. साबुदाण्यासारखे.

“पाणी कमी पितो का?”

सुगंधा आणि देवेश एकदमच म्हणाले, “हो.”

“पितो कमी, की देता कमी?”

“संध्याकाळी उचलून ठेवतो,” देवेश म्हणाला. “रात्री घरात करतो म्हणून. खूप करतो.”

“खूप म्हणजे?”

“म्हणजे... गादी भिजते. खाली पाणी येतं. दाराकडे ओघळ जातो.”

डॉक्टर संघमित्रांनी चिवड्याच्या पाठीवर हात ठेवला होता तो काढला नाही. एकदा त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, त्या टॉवेलातल्या मूठभर जनावराकडे, आणि मग देवेशकडे.

“दादा, एवढ्याशा कुत्र्याच्या पोटात मावून मावून मावणार किती? एक कप. तेही भरपूर प्यायला तर. गादी भिजवायची तर याला बादलीभर पाजायला पाहिजे.” त्यांनी टॉवेल चिवड्याभोवती सारखा केला. “घरात अजून कोण कोण आहे?”

बाहेर बाकावर कुणाचं तरी मांजर पिंजऱ्यात रडत होतं.

“आम्हीच,” सुगंधा म्हणाली. “घरचेच.”

“मावशी, वयस्कर कुणी?”

सुगंधाच्या जिभेवर ते आलं होतं. अगदी दातांपर्यंत आलं. पण शेजारी मुलगा उभा होता, बापासारखाच ताठ. त्याच्यासमोर त्याच्या बापाची लुंगी सोडायची? तिने चिवड्याच्या पडलेल्या कानात बोट घातलं, जणू तिथेच काही दुखत असावं.

“नाही, म्हणजे, हाच म्हातारा झालाय,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी पुढे विचारलं नाही. औषधं लिहून दिली. “पाणी हेच याचं मुख्य औषध. दिवसरात्र समोर पाहिजे, एकाऐवजी तीन वाट्या ठेवा. परत तोडलंत तर हे खडे अडकतील, आणि अडकले तर हा वाचणार नाही. आणि...” त्या देवेशकडे बघत म्हणाल्या, “गादी भिजतेय त्याचा दुसरा इलाज असेल. तो माझ्याकडे नाही.”

म्हणजे देवेशला कळलं. सुगंधाने ते रिक्षात त्याच्या मानेकडे बघून ओळखलं. तो पुढे, ड्रायव्हरच्या सीटकडे बघत होता, आणि त्याच्या मानेवरची शीर उडत होती. आता बोलेल, तिला वाटलं. आता म्हणेल, आई, पप्पांना दाखवू या. ती मनात म्हणत होती, बोल रे बाबा, तू बोल, मला नाही जमत.

सिग्नलला रिक्षा थांबली.

“आई,” देवेश म्हणाला, “याला इतकं पाणी द्यायचं म्हणजे अजून वाट लागणार. आपल्याच्याने नाही झेपणार. मनालीचा मामेभाऊ आहे ना, विकी, मालाडला. त्याच्याकडे जागा आहे, खाली अंगण आहे. देऊन टाकू या.”

सुगंधाने चिवड्याला टॉवेलात जरा घट्ट धरलं. तो कण्हला, तशी तिने हात सैल केला.

“बघ तुझं तू,” ती म्हणाली.

नंतर तिला पुष्कळदा वाटलं की कसाई निदान सुरी तरी दाखवतो.

श्रुतिकाला फोन केला. ती रडली, ओरडली. “आई, तुला पटतं हे? चिवडा घरात करतो? चिवडा? अगं तो पावसात छत्रीखाली उभा राहून करायचा!” मग एकदम तिचा आवाज उतरला. “आई... पप्पा कसे आहेत?”

“बरे आहेत.”

“म्हणजे तसे बरे?”

“हो गं, बरेच आहेत. जेवले आता.”

मग श्रुतिका म्हणाली, “ठेवते. शाळेची गाडी येईल मुलाची.” म्हणजे मुलुंडलाही ठाऊक होतं. घाटकोपर ते मुलुंड सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त तोंडाला कुलपं होती, आणि सगळ्या कुलपांची किल्ली त्या बिचाऱ्या जनावराच्या गळ्यात बांधलेली.

रविवारी विकी येणार ठरलं. तोवर पाण्याच्या वाट्या मांडल्या गेल्या. चिवडा आधी प्यायलाच तयार होईना. वाटीपाशी जायचा, मग देवेशकडे बघायचा, मग मागे सरायचा. सुगंधाने ओंजळीत पाणी धरलं तेव्हा कुठे त्याची जीभ तिच्या हाताला लागली. पाणी संपल्यावरही तो हात चाटत राहिला. तिला वाटलं, चाव रे, एकदा तरी चाव मला.

लवूंना कुणी काही सांगितलं नाही. पण सांगितलं नाही म्हणून न कळायला घर काही मोठं नव्हतं.

रविवारी विकी आला तो मोठ्याने हसत. हातात प्लास्टिकची पिंजऱ्यासारखी टोपली. “काय मावशी, बरंय ना? अरे, हा तर लय क्यूट आहे यार! पुढून एक, मागून दुसराच!” त्याचं हसणं घरात कुठेच बसेना, भिंतींवर आपटून परत त्याच्याकडेच गेलं. मनालीने त्याच्यासमोर पोह्यांची बशी ठेवली.

सुगंधाने पिशवी भरली होती. फणी, औषधं, ते गोणपाट. ती विकीला सांगत बसली, आणि एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना.

“उडी मारू देऊ नको त्याला, पाठ लांब आहे. सोफ्यावरून उचलून खाली ठेवायचा. उचलताना एक हात छातीखाली, एक मागे, नुसता पुढून नाही उचलायचा. हा कान पडलेला आहे ना, तो पुसायचा. नखं वाढली की लादीवर टकटक आवाज येतो, तेव्हा कापून आण. दात दुखत असेल तर खाताना मान वाकडी करतो. अनोळखी माणसाने वरून हात आणला तर गुरगुरतो, खालून आणायचा, आधी हुंगू द्यायचं. विजा चमकल्या तर...”

“मावशी, मावशी, टेन्शन नको,” विकी म्हणाला. “सगळं करतो. एकच सांगा, खरं खरं सांगा हा, माझी बायको जरा कटकटी आहे. घरात करतो का हा?”

पोह्यांवर लिंबू पिळता पिळता मनालीचा हात थांबला. देवेश खिडकीतून बाहेर बघत होता. समोर दुसऱ्या बिल्डिंगच्या वाळत घातलेल्या चादरी, बाकी काही दिसण्यासारखं नव्हतं.

नाही म्हणायचं. एवढंच. नाही, कधीच नाही, जन्मात नाही. मालाडला तरी त्याचं नाव स्वच्छ जाईल. पण नाही म्हटलं तर विकी पुढचा प्रश्न विचारणार: मग देताय कशाला?

“करतो,” सुगंधा म्हणाली.

चिवडा तिच्या पायाशी होता. त्याने शेपूट हलवली. तिचा आवाज आला की हलवायचा, शब्द कुठलेही असोत.

देवेशने टोपलीचं दार उघडलं. “चल. चल बेटा, आत.” चिवडा गेला नाही. तो शिवणयंत्राखाली शिरला. मनालीने वाकून त्याचा पट्टा धरला आणि ओढला, नखं लादीवरून करकरत आली. “चल ना रे, घाणेरड्या,” ती म्हणाली, आणि बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. पण ओढायची थांबली नाही.

तेवढ्यात लवू आतल्या खोलीतून आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. खाली पँटऐवजी लुंगी होती, आणि ती पुढून ओली होती. त्यांनी ती लपवली नव्हती, मुठीतही धरली नव्हती. विकी पाहुणा होता, सुनेच्या माहेरचा होता, आणि तो बघत होता.

सुगंधा उठली, पदर पुढे करून नवऱ्याच्या आणि पाहुण्याच्या मध्ये उभी राहायला गेली. लवूंनी हाताने तिला बाजूला केलं. गेटवर गर्दी बाजूला करायचे तसं, रागाशिवाय.

“ह्येका खंय धाडतास?”

“पप्पा, तुम्ही आत बसा,” देवेश म्हणाला. “विकीकडे देतोय, थोडे दिवस. घरात घाण करतो ना तो, म्हणून.”

“ह्यो करणा नाय,” लवू म्हणाले.

“पप्पा, प्लीज.”

मनालीने पट्टा सोडला. चिवडा पळत गेला आणि त्यांच्या पायाला चिकटून बसला, त्या ओल्या लुंगीला. लवू खाली वाकू शकले नाहीत. त्यांनी नुसता हात खाली सोडला. आणि मग ते एकेकाकडे बघत गेले, मुलाकडे, सुनेकडे, बायकोकडे सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत जास्त वेळ.

“तुमका सगळ्यांका ठावक आसा,” ते म्हणाले. “ह्यो नाय. अंथरुणात मी मुततंय.”